लॉक-अप ट्यूनिंग : उसाचा हंगाम आणि उन्हाळा काढल्यानंतरचा अनुभव

गेल्या दसऱ्याच्या आसपास गाडीच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं लॉक-अप ट्यून करून घेतलं, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स थेट जोडणारा आतला क्लच कधी लागावा आणि कधी सुटावा हे सॉफ्टवेअरमधून बदलून घेतलं. तेव्हापासून उसाचा हंगाम गेला, उन्हाळा गेला, परवा वळवाचे दोन जोरदार पाऊसही झाले. सगळ्या हवेत आणि सगळ्या रस्त्यांवर गाडी चालवून झाली, आता लिहायला हरकत नाही. गाडी डिझेल एसयूव्ही, सहा गिअरचा टॉर्क कन्व्हर्टर. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण हीच तऱ्हा ओळखीच्यांच्या दुसऱ्या कंपन्यांच्या गाड्यांतही बघितली आहे.

फक्त ॲव्हरेज वाढवायचं असेल तर या फंदात पडू नका. खरा फायदा घाटात आहे, आणि तो दिसतो गिअरबॉक्सच्या तेलाच्या तापमानात.

कन्व्हर्टरमध्ये इंजिनाकडचा पंखा तेल फेकतो, त्या तेलाच्या जोरावर गिअरबॉक्सकडचा पंखा फिरतो, आणि मधला स्टेटर परत येणाऱ्या तेलाला वळण देतो. जागेवरून हलताना ही रचना इंजिनाचा टॉर्क साधारण दुपटीपर्यंत वाढवून देते. ऑटोमॅटिक गाडी भरल्या वजनाने चढावरून अलगद उठते ती यामुळेच. पण वेग धरल्यावरही दोन्ही पंख्यांच्या फिरण्यात थोडा फरक राहतोच. ती स्लिप. ती मिटवायला आत एक क्लच असतो, तेच लॉक-अप. तो लागला की इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच आरपीएमवर फिरतात. कल्पना बरीच जुनी आहे. पॅकार्डने १९४९ मध्येच आपल्या अल्ट्रामॅटिक गिअरबॉक्सला असा क्लच दिला होता.

लॉक-अप सुटलेलं असताना काय होतं याचा हिशेब एकदा करून बघा. इंजिन २५० न्यूटन-मीटर टॉर्क देतंय आणि स्लिप २५० आरपीएमची आहे, तर जवळपास साडेसहा किलोवॉट उष्णता थेट तेलात जाते. न्हाणीघरातले दोन-तीन गिझर गिअरबॉक्समध्ये चालू ठेवल्यासारखंच हे. तेल कूलरकडे जातं, पण घाटात वेग कमी, त्यामुळे कूलरला वाराही कमी.

माझी तक्रार सुरू झाली ती कोल्हापूरजवळ वाघबीळवरून पन्हाळ्याकडे चढताना. चाळीसच्या आसपास वेग, ॲक्सिलरेटर एकाच जागी, गिअर तोच, तरी आरपीएमचा काटा दोनशे-तीनशेने वर जायचा आणि खाली यायचा. लॉक-अप लागतंय, सुटतंय, परत लागतंय. कंपनीच्या मॅपमध्ये, म्हणजे गिअरबॉक्सच्या मूळ सेटिंगमध्ये, लॉक-अप लागण्याचा वेग आणि सुटण्याचा वेग इतके जवळ होते की आपला चढ नेमका त्या दोघांच्या मधे सापडायचा. स्कॅनर लावून बघितलं तेव्हा चढ सुरू होताना तेल ८५ अंशांच्या आसपास होतं, आणि गाडीत पाच माणसं असली की वर पोचेपर्यंत ११० च्या पुढे गेलेलं असायचं. एटीएफ, म्हणजे गिअरबॉक्सचं हे तेल, १२० अंशांच्या वर सारखं तापत राहिलं तर फार लवकर खराब होतं. म्हणजे पाण्यात बुडालो नव्हतो, पण पाणी गळ्याशी आलं होतं.

स्कॅनर नसेल तरी लॉक-अप ओळखता येतं. मोकळ्या सपाट रस्त्यावर, मागे गाडी नाही हे बघून, साठ-सत्तरच्या एकसारख्या वेगात उजवा पाय ॲक्सिलरेटरवर तसाच ठेवा आणि डाव्या पायाने ब्रेकला नुसता स्पर्श करा, ब्रेकचे दिवे लागण्यापुरता. बहुतेक गाड्यांत ब्रेकचा स्विच लागला की टीसीयू (गिअरबॉक्सचा कॉम्प्युटर) लॉक-अप सोडतो. काटा किंचित उचलला, पाय काढल्यावर परत बसला, तर लॉक-अप लागलेलं होतं.

शिवाजी उद्यमनगरातल्या आमच्या मिस्त्रींना हे सगळं सांगितलं. त्यांनी लॅपटॉपचं नावही काढलं नाही. "दादा, आधी तेल बघूया. तेलच गेलं असंल तर फाइल बदलून काय उपयोग?" पाचव्या गिअरमध्ये हलक्या ॲक्सिलरेटरवर गाडी बारीक थरथरायची, रम्बलरवरून चाक गेल्यासारखी, हे त्यांनी एका फेरीतच पकडलं. तेल काढून पांढऱ्या कागदावर एक थेंब सोडला. लालसर असायला हवं ते काळपट तपकिरी, आणि वासाला करपट. लॉक-अपचा क्लच बारीक स्लिपवर असताना न थरथरता घासावा यासाठी या तेलात खास घटक असतात, ते संपले की अशी थरथर येते. खालचा बोल्ट काढून सगळं तेल येत नाही, बरंचसं कन्व्हर्टरमध्येच अडकून राहतं. म्हणून काढायचं, भरायचं, गाडी चालवायची आणि परत काढायचं, असं टप्प्याटप्प्याने केलं. तेल मात्र पुस्तिकेत लिहिलेल्याच स्पेसिफिकेशनचं. थरथर गेली. क्लचचं अस्तर चकचकीत होऊन बसलेलं असतं तर ती गेली नसती, आणि मग कन्व्हर्टर खाली उतरवण्यावाचून गत्यंतर नव्हतं. 'आयुष्यभराचं तेल' या शब्दावर विसंबून ज्यांनी एटीएफला कधी हातच लावला नाही, त्यांनी ट्यूनिंगचे पैसे आधी इथे घालावेत, असं मी अगदी मनापासून सांगेन.

मग ट्यूनिंग, म्हणजे टीसीयूमध्ये बदललेल्या मॅपची फाइल घालणं. पहिली फाइल मला अजिबात आवडली नाही. ट्यूनरने तिसऱ्या गिअरमध्येच, तिशीच्या वेगाला लॉक-अप लावलं होतं. कागदावर छान दिसतं. पण दाभोळकर कॉर्नरवरून स्टेशन रोडला वळलं की इंजिन बाराशे-तेराशे आरपीएमवर जखडलं जायचं, आणि घुमायला लागायचं. डॅशबोर्ड कुरकुरायचा, घरची मंडळी विचारायची की गाडीला काय झालंय. कन्व्हर्टरमधलं तेल डिझेल इंजिनाचे हिसके गिळत असतं. इतक्या खाली लॉक केलं की ते सगळे हिसके पुढे गिअरबॉक्सकडे जातात. ती फाइल काढायला लावली.

दुसऱ्या फाइलमध्ये बदल थोडेच आहेत, आणि तीच गाडीत आहे. तिसरा गिअर कंपनीचा होता तसाच ठेवला. चौथ्यात लॉक-अप थोडं आधी लागतं. लागणं आणि सुटणं यांतलं अंतर मात्र चांगलं वाढवलं, म्हणजे एकदा लागलं की वेग बऱ्यापैकी पडल्याशिवाय सुटत नाही. अर्ध्या ॲक्सिलरेटरपर्यंत ते धरून राहतं. पूर्ण दाबल्यावरही धरून ठेवायला ट्यूनरने नकार दिला, आणि ते योग्यच होतं. तेवढा टॉर्क सतत पेलण्यासाठी तो क्लच बनवलेला नसतो. क्लच दाबणाऱ्या तेलाच्या प्रेशरला हात लावला नाही, कारण ते वाढवलं की लॉक-अप धक्क्याने लागतं. कमी आरपीएमला कंपनीने मुद्दाम ठेवलेली २० ते ५० आरपीएमची बारीक स्लिपही तशीच ठेवली. बदल एवढाच, पण फरक याच अंतराने पडला.

आता पन्हाळ्याला वर पोचल्यावर तेल शंभरच्या आसपास असतं, भर मेमध्येसुद्धा. काटा एका जागी राहतो, आणि मागे बसणाऱ्यांना मळमळायचं तेही कमी झालंय. निपाणीच्या पुढे तवंदी घाटातही तसंच.

पण सगळ्यात जास्त समाधान उताराला मिळालं. आंबा घाटातून साखरप्याकडे उतरताना पूर्वी ॲक्सिलरेटर सोडला की लॉक-अप लगेच सुटायचं, इंजिन जवळपास आयडलवर यायचं आणि सगळा भार ब्रेकवर. आता लॉक-अप धरून राहतं. चाकं इंजिनाला फिरवत ठेवतात, त्यामुळे इंजेक्टर डिझेल बंद ठेवू शकतात आणि इंजिन ब्रेकिंग खरंच जाणवतं. मॅन्युअल मोडमध्ये तिसरा-चौथा धरून उतरलं की ब्रेकवर पाय अधूनमधूनच जातो. धुक्यात आणि ओल्या रस्त्यावर याची किंमत कळते.

ॲव्हरेज? महामार्गावर लिटरमागे अर्धा-पाऊण किलोमीटर वाढलं असेल. त्यातही रुंदीकरणाच्या वळणरस्त्यांमुळे दर खेपेचा आकडा वेगळाच येतो. शहरात काहीच नाही. हंगामात दोन ट्रॉल्यांच्या ट्रॅक्टरमागे पंधरा-वीसच्या वेगाने जाताना लॉक-अप लागूच शकत नाही, तिथे कोणतीही फाइल काही करणार नाही. सकाळी गार इंजिनावरही टीसीयू तेल तापेपर्यंत लॉक-अप लावत नाही. ती अट काढून टाकायला कुणी सुचवलं तर ऐकू नका.

करून घ्यायचं असेल तर मूळ फाइलची प्रत स्वतःकडे पेनड्राइव्हवर घ्या, ट्यूनरच्या लॅपटॉपवर विसंबू नका. वॉरंटी चालू असेल तर थांबा, टीसीयूला हात लागलेला सर्व्हिस सेंटरला कळू शकतो. आणि सर्व्हिसिंगला गाडी देताना सॉफ्टवेअर अपडेट करू नका असं जॉबकार्डवर लिहून घ्या, नाहीतर गाडी कंपनीच्या मॅपवर परत येईल.

एक गोष्ट अजून मनासारखी झालेली नाही. पाचव्यात ओव्हरटेकला अर्धवट दाबलं तर लॉक-अप धरून राहतं आणि गाडी क्षणभर विचार करते. निर्धाराने पाय दाबला तरच सुटून चौथा पडतो. ट्यूनर म्हणतो, फक्त पाचव्यातला सुटण्याचा बिंदू थोडा अलीकडे आणू. पुढचं तेल बदलायचंय ते गळीत हंगाम सुरू व्हायच्या आधी, तेव्हाच हेही करून घेणार आहे.