व्हाइटफिश पॉइंटचं जहाजबुडी संग्रहालय : बाबांना घेऊन गेले तेव्हा

डेट्रॉइटजवळच्या आमच्या घरापासून साडेपाचशे किलोमीटर गाडी चालवायची आणि बघायचं काय, तर बुडालेली जहाजं. घरात कुणालाच हे पटेना. पण बाबा तेव्हा आमच्याकडे आलेले होते. ते जन्माने रेवसचे, मांडव्याच्या शाळेत मास्तरकी करून निवृत्त झालेले. ते म्हणाले, "बाय, तळ्यात जहाजं बुडतात? मग मला ते बघायचंय." आणि ऑक्टोबरच्या एका शनिवारी आम्ही दोघंच निघालो.

आधीच सांगते, जावं. लांब आहे, आडबाजूला आहे, तरी जावं.

मॅकिनॉचा आठ किलोमीटर लांबीचा झुलता पूल ओलांडला की मिशिगन राज्याचा वरचा भाग लागतो. तिथून पुढे झाडंच झाडं. पॅराडाइज नावाचं छोटंसं गाव लागतं, आणि त्याच्याही पुढे अठरा किलोमीटरवर रस्ता संपतो तिथे हे संग्रहालय आहे. फोनची रेंज मधेच जाते, त्यामुळे नकाशा आधी उतरवून घ्या. आदल्या रात्री ज्या मोटेलमध्ये उतरलो त्याचं नाव घेत नाही. मध्यरात्री हीटर बंद पडला आणि सकाळपर्यंत कुणी फिरकलं नाही. बाबा स्वेटर, कानटोपी, वर दोन रजया घेऊन बसून राहिले. वयस्कर माणसं सोबत असतील तर खोली ताब्यात घेण्याआधी हीटर चालवून बघा.

सकाळी आधी पाण्यावरच गेलो. लेक सुपीरियरला तळं म्हणायला जीभ वळत नाही. ८२,००० चौरस किलोमीटरचं हे पाणी. आपला अख्खा कोकण विभाग त्यात अडीच वेळा बसेल. सगळ्यात खोल जागी ४०६ मीटर खोली. समोर क्षितिजापर्यंत काही दिसत नाही, लाटा किनाऱ्यावर आदळतात, गोट्यांचा खळखळाट होतो. फक्त एक गोष्ट चुकल्यासारखी वाटते आणि ती काय ते पटकन कळत नाही. बाबांना कळली. ते म्हणाले, "वास नाही." खाऱ्या पाण्याचा, सुकटीचा, चिखलाचा, कसलाच वास नाही. मग ते वाकले, ओंजळीत पाणी घेतलं आणि मी नको म्हणेपर्यंत एक घोट प्यायले. "गोडं आहे गं," असं म्हणून ओंजळ रिकामी होईपर्यंत तिच्याकडे बघत राहिले.

संग्रहालय म्हणजे एक इमारत नाही, एक वाडीच आहे म्हणा ना. मधोमध १८६१ सालचा लोखंडी दीपस्तंभ, त्याला चिकटून दिवा सांभाळणाऱ्याच्या कुटुंबाचं घर, शेजारी बचाव होड्यांची शेड, खलाशांची राहायची जागा आणि मुख्य दालन. इथला पहिला दिवा १८४९ मध्ये लागला. एवढ्या जुन्या काळात या ओसाड टोकावर दिवा का लागला, ते नकाशा पाहिल्यावर समजतं. सुपीरियरवरून खाली जाणाऱ्या प्रत्येक जहाजाला याच कोपऱ्यातून, खालच्या सरोवरांत उतरवणाऱ्या सू नावाच्या कालव्याकडे वळावं लागतं. म्हणजे वाहतुकीची गर्दी इथेच. आणि वायव्येचा वारा सुटला की त्याला आख्खं तळं मोकळं मिळतं. शेकडो किलोमीटर वाढत आलेल्या लाटा याच कोपऱ्यात येऊन फुटतात. नोव्हेंबरात तळ्याचं पाणी अजून उबदार असतं आणि वरून उत्तरेची गार हवा उतरते, तेव्हा सगळ्यात वाईट वादळं होतात. १९१३ च्या नोव्हेंबरात चार दिवसांच्या एकाच वादळात सुपीरियर आणि त्याला जोडलेल्या मोठ्या सरोवरांवर बारा जहाजं गेली आणि अडीचशेहून जास्त माणसं मेली. त्यातला मोठा वाटा शेजारच्या ह्यूरन सरोवराचा होता.

मुख्य दालन फार मोठं नाही. मला ते आवडलं. उजेड मंद आहे आणि एकेका जहाजाची गोष्ट त्याच्या प्रतिकृतीसकट, त्याच्यावरच्या वस्तूंसकट मांडली आहे. दीपस्तंभाचा उजेड लांबवर फेकणारं एक मोठं फ्रेनेल भिंग आहे, नऊ फुटांहून उंच, दीड टनाहून जड, ३४४ लोलकांचं. लेक मिशिगनमधल्या व्हाइट शोल दीपगृहातून काढून आणलेलं. बाबा त्याच्याभोवती तीन वेळा फिरले. मला म्हणाले, "देवळात प्रदक्षिणा घालतात तसं झालं नाही?" तसंच झालं होतं.

पण मी अडकले ती मायरनपाशी. १९१९ चा नोव्हेंबर, तारीख २२. मायरन हे लाकडी वाफेचं जहाज, लाकूड भरलेलं, मागे मिझ्टेक नावाची बार्ज ओढत चाललेलं. वादळ आलं, अंगावर उडणारं पाणी जागच्या जागी गोठू लागलं, जहाज बर्फाच्या ओझ्याने जड होत गेलं. कप्तानाने बार्ज सोडून दिली, ती तरली. मायरन मात्र याच टोकाच्या अलीकडे, किनारा जवळ असताना बुडालं. सोळा खलाशी दोन होड्यांत उतरले. आता खरं तर ते वाचायला हवे होते. मदतीला मोठी जहाजं आली होती, किनाऱ्यावरचे जीवरक्षकही होडी घेऊन निघाले होते. पण जहाजावरचं सगळं लाकूड सुटून पाण्यावर आलं होतं, आणि त्या उसळणाऱ्या ओंडक्या-फळ्यांच्या वेढ्यात होड्या सापडल्या. एक जहाज इतकं जवळ पोचलं की दोर फेकता आले. दोर होडीपर्यंत गेले. पण माणसांचे हात इतके बधिर झाले होते की दोर धरवेना. सोळाच्या सोळा गेले. जहाजाबरोबरच बुडायला थांबलेला कप्तान वॉल्टर नील तेवढा वाचला. सुकाणूच्या खोलीचं छप्पर तुटून वर आलं, त्याला चिकटून तो वीसेक तास तरंगत राहिला आणि दुसऱ्या एका जहाजाला दिसला.

हे वाचून झाल्यावर मी हातमोजे काढून खिशात ठेवले आणि बोटं उघडझाप करून पाहिली. का केलं ते सांगता येणार नाही.

होड्यांच्या शेडकडे बरेच लोक धावती नजर टाकून परत फिरतात. कृपा करून तसं करू नका. या किनाऱ्यावर १८७६ मध्ये चार बचाव ठाणी उभी राहिली. तिथली माणसं रात्री कंदील घेऊन वाळूवरून गस्त घालत, आणि जहाज फसलेलं दिसलं की वल्ही मारत वादळात शिरत. होडी घालणं अगदीच अशक्य असेल तर छोट्या तोफेतून दोर फेकायचे. साडेपाचशे मीटरपर्यंत जाई तो. मग त्या दोराने जाड दोरखंड जहाजापर्यंत न्यायचा आणि त्यावर एक गोल कडं सरकवायचं, त्याला विजारीसारखी शिवलेली जाड कापडी झोळी. खलाशाने त्यात दोन पाय घालून बसायचं आणि किनाऱ्यावरच्यांनी त्याला लाटांवरून ओढून घ्यायचं. एकेक करून. बाबांनी ते चित्र बघितलं आणि विचारलं, "ओढणारे किती?" मी मोजून सांगितलं. ते म्हणाले, "आणि सगळे पगारी?" हो, पगारी, पण पगार ऐकला तर कुणी या कामाला उभं राहणार नाही, असं मला वाटलं. ते उभे राहिले ते गावातलेच होते म्हणून.

आता घंटेबद्दल. बहुतेक लोक इथे येतात तेच मुळी या घंटेसाठी.

ती एडमंड फिट्झजेराल्ड नावाच्या मालवाहू जहाजाची. हे जहाज १९५८ मध्ये डेट्रॉइटच्या बाजूलाच बांधलं गेलं. लांबी २२२ मीटर, त्या वेळचं या सरोवरांवरचं सर्वांत लांब जहाज. ९ नोव्हेंबर १९७५ ला दुपारी ते सुपीरियर नावाच्याच बंदरातून सव्वीस हजार टन टॅकोनाइट घेऊन निघालं, डेट्रॉइटच्या झुग आयलंडला. टॅकोनाइट म्हणजे लोहखनिजाच्या भाजलेल्या गोळ्या. माझ्या टेबलावर एक आहे. मी गाड्यांचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात काम करते, तिथल्या एका जुन्या फोरमनने निवृत्त होताना दिली. गोटीएवढी, गंजलेल्या रंगाची, बोटाला तांबूस पूड लागते. त्या दिवशी ती मी पर्समध्ये घालून नेली होती. घंटेसमोर उभं राहिल्यावर हातात घेतली. आम्ही ज्या पत्र्यावर रोज काम करतो तो असाच, याच पाण्यावरून येतो, हे इतक्या वर्षांत मला कुणी सांगितलं नव्हतं असं नाही, पण कळलं तेव्हाच.

१० तारखेच्या दुपारी जहाजाच्या कठड्याचं नुकसान झालं, हवेचे पाइप तुटले, जहाज एका अंगाला कललं. कप्तान अर्नेस्ट मॅक्सॉर्ली, वय ६३. त्याचे दोन्ही रडार गेले. मागून येणारं आर्थर एम. अँडरसन हे जहाज आपल्या रडारवर बघून त्याला वाट सांगत होतं. आणि त्या रात्री, नेमक्या त्या रात्री, व्हाइटफिश पॉइंटचा दिवा आणि रेडिओ संकेत बंद पडले होते. ज्या दीपस्तंभाखाली आम्ही फोटो काढले तोच. सात वाजून दहा मिनिटांनी अँडरसनने विचारलं, अडचणींशी कसं चाललंय. उत्तर आलं, आम्ही तग धरून आहोत. त्यानंतर रडारवरचा ठिपका नाहीसा झाला. व्हाइटफिश खाडीच्या तोंडापासून अवघे सत्तावीस किलोमीटर राहिले होते. मदतीची एकही हाक नाही. एकोणतीस माणसं होती, धाकट्यात धाकटा वीस वर्षांचा.

कशाने बुडालं यावर अजून वाद आहेत. तपास करणाऱ्यांनी हॅचच्या, म्हणजे माल भरायच्या तोंडांच्या झाकणांतून पाणी शिरल्याचं म्हटलं, जहाजमालकांच्या संघटनेने कॅरिबू बेटाजवळच्या उथळ खडकाला दोष दिला. मला त्या वादापेक्षा पुढची गोष्ट महत्त्वाची वाटते, आणि तिथे फार लोक थांबत नाहीत म्हणून लिहिते. अँडरसन तोवर खाडीच्या आसऱ्याला पोचलं होतं. तटरक्षक दलाने त्याचा कप्तान बर्नी कूपर याला विचारलं की परत फिरून शोध घेता का. ज्या लाटांनी आपल्यापेक्षा फार वेगळं नसलेलं जहाज नुकतंच गिळलं, त्याच लाटांत परत. कूपर फिरला. नांगर टाकून सुरक्षित उभं असलेलं विल्यम क्ले फोर्ड हे जहाजही बाहेर पडलं. सापडल्या त्या रिकाम्या, फाटलेल्या जीवरक्षक होड्या आणि तराफे. माणूस एकही नाही. हे पाणी इतकं गार असतं की बुडालेलं शरीर वर येत नाही.

घंटा १९९५ च्या ४ जुलैला दीडशे मीटरहून जास्त खोलीतून वर आणली, कुटुंबांच्या मागणीवरून. खर्चासाठीच्या कर्जाला इथल्या चिपेवा आदिवासींच्या परिषदेने हमी दिली. सुमारे नव्वद किलोची कांस्याची घंटा, घासून चकचकीत केलेली, जहाजाचं नाव स्पष्ट वाचता येतं. तिच्या जागी खाली दुसरी घंटा बसवली, तिच्यावर एकोणतीस जणांची नावं कोरलेली. दरवर्षी १० नोव्हेंबरला इथे वरची घंटा एकोणतीस वेळा वाजवतात, आणि तिसावा टोल या सरोवरांवर गेलेल्या सगळ्यांसाठी.

हे सगळं मी बाबांना मराठीत वाचून दाखवत होते. खालच्या घंटेचं सांगितलं तेव्हा ते बाकावर बसले. आजीचा थोरला भाऊ १७ जुलै १९४७ ला रामदास बोटीवर होता. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली बोट काशाच्या खडकाजवळ उलटली, सहाशेहून जास्त माणसं गेली. रेवसच्या कोळ्यांच्या होड्यांनी काहींना काढलं. मामा मिळालेच नाहीत. आजी जन्मभर आषाढात लाँचमध्ये पाय ठेवत नसे. पनवेलवरून एसटीने जायची. बाबांनी मला विचारलं, "नावं पाण्याखाली ठेवली त्यांनी? मुद्दाम?" मी हो म्हटलं. "हे फार बरं केलं," ते म्हणाले, आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मीही घाई केली नाही. तिथे कुणी उठवत नाही, बाक भरपूर आहेत.

कामाच्या गोष्टी. मे ते ऑक्टोबर एवढंच उघडं असतं, जाण्याआधी वेळा तपासून घ्या. निदान तीन तास काढा. वारा बोचतो, ऑक्टोबरात जाड जाकीट हवंच. दहा वर्षांच्या आतली मुलं दालनात कंटाळतील, त्यांना किनाऱ्यावर गोटे वेचू द्या. जेवायला पॅराडाइजमध्ये तळलेला व्हाइटफिश घ्या. बाबांचं मत: काटा कमी, मांस गोडसर, पापलेटची सर नाही पण ताजा आहे. मला तो त्याहून जास्त आवडला.

परतताना पूल ओलांडेपर्यंत बाबा गप्प होते. मग म्हणाले, "दहा तारखेला वाजवतात ना घंटा? माझं विमान चार तारखेचं आहे. तिकीट पुढे ढकलता येतंय का बघ." दंड भरावा लागला. आता त्यांचं तिकीट तेरा नोव्हेंबरचं आहे.