व्हीसेंटर 6.7 वरून 7.0 वर: आठ महिने वापरल्यानंतर

जुलै 2022. अंधेरी एमआयडीसीतलं आमचं ऑफिस, बाहेर धो धो पाऊस, आणि सकाळी साडेनऊला व्हीएमवेअरच्या व्हीसेंटरचं पान उघडेना. पाचही होस्ट (म्हणजे खरे सर्व्हर) चालू, त्यांच्यावरच्या ऐंशी व्हीएम (व्हर्च्युअल मशीन) चालू, एचएसुद्धा (होस्ट पडला तर व्हीएम दुसऱ्या होस्टवर सुरू करणारी सोय) होस्टवरच्या एजंटांमुळे शाबूत. फक्त हे सगळं जिथून सांभाळायचं तेच बंद. विंडोज सर्व्हरवर पाहिलं तर व्हीसेंटरचा डेटाबेस ठेवणाऱ्या एसक्यूएलचा डी ड्राइव्ह काठोकाठ भरलेला.

ज्यांच्याकडे आमची एएमसी (वार्षिक देखभालीचा करार) आहे त्यांचा इंजिनिअर दुपारी येऊन गेला आणि संध्याकाळी कोटेशन आलं. एसक्यूएल सर्व्हर 2012 चा सपोर्ट 12 जुलैला संपतोय, म्हणून आधी नवं एसक्यूएल लायसन्स, मोठी डिस्क, मग व्हीसेंटरचं अपग्रेड. मलाही पटलं होतं. त्याच क्रमाने प्लॅनची एक्सेल शीट मीच बनवली होती.

दोन दिवसांनी 7.0 च्या नोट्स नीट वाचल्या आणि शीट बाजूला ठेवली. विंडोजवर चालणारं व्हीसेंटर 6.7 सोबतच संपलं. 7.0 फक्त अप्लायन्स म्हणजे तयार व्हीएम म्हणून येतं, खाली फोटॉन ओएस हे व्हीएमवेअरचं लिनक्स आणि आत स्वतःचा पोस्टग्रेस डेटाबेस. बाहेरचं एसक्यूएल किंवा ओरॅकल त्याला जोडताच येत नाही. 6.7 चा सपोर्ट 15 ऑक्टोबरला संपणार होता, म्हणजे हे लायसन्स आम्ही जेमतेम तीन महिन्यांसाठी घेतलं असतं. पैसे कंपनीचे असले तरी मला ते खिशातून गेल्यासारखे लागतात. कोटेशन करणाऱ्याला एवढं माहीत असायलाच हवं होतं.

आता खरा मुद्दा, ज्यावर मी आजही अडून आहे: डेटाबेस भरला कशाने? 38 जीबीतले 31 जीबी नुसत्या व्हीपीएक्स_इव्हेंट आणि व्हीपीएक्स_इव्हेंट_आर्ग या दोन टेबलांत. ओळी उघडल्या तर एकच यूजर, लॉगिन, लॉगआउट, लॉगिन, लॉगआउट. त्याच एएमसीवाल्यांनी लावलेलं मॉनिटरिंग दर दहा सेकंदांनी आत येऊन बाहेर पडत होतं. दिवसाला 17,280 नोंदी, चार वर्षं. वर जुने इव्हेंट काढून टाकायचं सेटिंग बंद. इंटरव्हल वाढवायला एक फोन पुरला असता, त्याऐवजी आम्हाला डिस्क विकत होते. तुम्ही अपग्रेडचा विचार करत असाल तर बाकी सगळं नंतर, आधी या दोन टेबलांचा साइज बघा.

बॅकअप घेऊन, सर्व्हिस थांबवून टेबलं साफ केली. साफ केल्यावरही फाइल आपोआप लहान होत नाही, ती वेगळी श्रिंक करावी लागली.

अपग्रेडचं काम अनंत चतुर्दशीला, 9 सप्टेंबरला केलं. ऑफिस बंद, रस्ते बंद, कुणाचा फोन नाही. आदल्या दिवशी डीएनएस दोन्ही बाजूंनी तपासलं, नावावरून आयपी आणि आयपीवरून नाव. नव्या अप्लायन्सला तात्पुरता आयपी दिला आणि डिस्ट्रिब्युटेड स्विचवर (सगळ्या होस्टचा सामाईक व्हर्च्युअल स्विच) एक एफेमरल पोर्ट ग्रुप (व्हीसेंटरशिवायही व्हीएम जोडता येते असा) बनवून ठेवला, नाहीतर इन्स्टॉलरच्या यादीत नेटवर्कच दिसत नाही. आमच्या पसाऱ्याला टायनी साइज पुरला, 2 सीपीयू आणि 12 जीबी रॅम. इन्स्टॉलच्या दुसऱ्या टप्प्यात विचारतात की काय काय न्यायचं. मी फक्त कॉन्फिगरेशन आणि इन्व्हेंटरी निवडली. जुना इतिहास एसक्यूएलच्या बॅकअपमध्ये आहेच. जुनी विंडोज व्हीएम आपोआप बंद झाली, नव्या अप्लायन्सने तिचं नाव आणि आयपी घेतला, आणि चहा संपायच्या आत पाचही होस्ट हिरवे दिसले. खरंच भरून आलं. होस्ट 6.7 वरच ठेवून दिवाळीनंतर एकेक चढवले, 7.0 व्हीसेंटर 6.7 च्या होस्टना सांभाळून घेतं.

सुरुवातीला मला अप्लायन्स नको होतं. विंडोज हाताखालचं, लिनक्सशी आमची सवय नाही. डिसेंबरपर्यंत मत बदललं. 5480 पोर्टवरच्या पानातून रोज रात्री बॅकअप जातो, एसक्यूएलचे मेंटेनन्स प्लॅन नाहीत, विंडोजचे पॅचही नाहीत. एक मात्र कॅलेंडरमध्ये टाका: अप्लायन्सच्या रूटचा (मुख्य अ‍ॅडमिन खात्याचा) पासवर्ड मुळात 90 दिवसांनी संपतो.

इव्हेंट आता 30 दिवसच राहतात. मी अजूनही दर सोमवारी डेटाबेसचा साइज बघतो, 3 जीबीच्या वर गेलेला नाही. या महिन्यात एएमसीचं रिन्यूअल आलं. मॉनिटरिंगचा इंटरव्हल पाच मिनिटांपेक्षा कमी ठेवायचा नाही, ही ओळ त्यात घालून घेतली आणि त्यांची सही झाल्यावरच पीओ (परचेस ऑर्डर) सोडला.