महोगनीचं जुनं डेस्क: लाकडाचे पैसे द्या, नावाचे नको

डेस्कला पाचपैकी साडेचार, दुकानाला तीन. दुकान लँकेशायरमधलं आहे, नाव लिहीत नाही कारण ही खोड बऱ्याच अँटिकवाल्यांना असते. चिठ्ठीवर लिहिलेलं 'गिलोज ऑफ लँकेस्टर, साधारण 1800' (गिलोज म्हणजे इंग्लंडातली जुनी नावाजलेली फर्निचर कंपनी) आणि त्या एका ओळीपायी किंमत जवळपास डबल.

आधी माल बघू. पेडेस्टल डेस्क आहे, म्हणजे दोन बाजूंना तीन-तीन खणांचे खांब आणि त्यावर नुसता ठेवलेला वरचा भाग, त्यात अजून तीन खण. वजन मरणाचं, पण तीन तुकडे सुटे होतात म्हणून इथल्या अरुंद जिन्यातून वर गेलं तरी, आणि पोचवायला आलेल्या पोरांनी भिंतीला एक ओरखडा पडू दिला नाही, ते मान्य करायलाच हवं. वरचं हिरवं चामडं नवीन बसवलंय, हे दुकानदाराने आपणहून सांगितलं. खण बोटाने ओढले तरी सरकतात. आणि खणांच्या आतल्या बाजूच्या फळ्यासुद्धा महोगनीच्या! तिथे सहसा ओक किंवा साधं पाइन लावून भागवतात. डव्हटेल, म्हणजे खणाच्या कोपऱ्यात फळ्या एकमेकींत अडकवणारे दात्यांचे सांधे, हाताने कापलेले, इतके बारीक की करवतीचं पातं तिथे शिरलं कसं असा प्रश्न पडतो.

आता नावाचं बघू. गिलो म्हणजे लहान असामी नाही. रॉबर्ट गिलोने 1730 च्या सुमारास लँकेस्टरला धंदा सुरू केला, तिथून फर्निचर जहाजाने वेस्ट इंडीजला जायचं आणि येताना महोगनी, साखर, रम यायची (हे बंदर गुलामांच्या व्यापारातही होतं आणि तिकडे जंगलात ते लाकूड तोडणारे हात गुलामांचेच, हे पॉलिशची चकाकी बघताना कोणी सांगत नाही). पुढे लंडनला ऑक्सफर्ड स्ट्रीटवर शाखा निघाली. अठराव्या शतकाच्या शेवटी शेवटी ते खणाच्या वरच्या कडेवर आपला शिक्का मारायला लागले, तेव्हा इंग्लंडात असं फारसं कोणी करत नव्हतं.

मी सगळे खण बाहेर काढून टॉर्च मारला, शिक्का कुठेच नाही. ते एकवेळ चालेल, त्यांच्या प्रत्येक वस्तूवर तो नसतोच. पण कुलपावर काय, तर 'हॉब्स अँड को, लंडन'. हॉब्स म्हणजे तो अमेरिकन ज्याने 1851 च्या लंडनमधल्या ग्रेट एक्झिबिशन या मोठ्या प्रदर्शनाच्या वेळी चब आणि ब्रामा कंपन्यांची, कोणाच्या बापाला उघडणार नाहीत म्हणून मिरवलेली कुलपं उघडून दाखवली आणि मग लंडनमध्येच स्वतःची कुलपांची कंपनी काढली. मग 1800 च्या डेस्कात हा कुठून आला? दुकानदार म्हणे कुलूप नंतर बदललं असेल. अहो, बदललं असतं तर खाचेत लाकडाचं ठिगळ दिसलं असतं, जुन्या स्क्रूची भोकं दिसली असती, इथे खाच कुलपाच्या मापाला चपखल, आणि नऊच्या नऊ खणांना तेच. मागची फळी बघितली तर यंत्रावरच्या गोल करवतीच्या कमानदार खुणा स्पष्ट उमटलेल्या. म्हणजे 1850 च्या पुढचंच काम.

तरीही गिलोचं असू शकतं, कंपनी तेव्हाही जोरात चालू होती. त्यांच्या जुन्या एस्टिमेट वह्या लंडनला वेस्टमिन्स्टरच्या अर्काइव्हजमध्ये आहेत, त्यात डेस्कांची चित्रं, लाकडाचा आणि मजुरीचा हिशोब सगळं असतं. त्यातलं जुळणारं एक चित्र दाखवलं असतं तर मी निमूट पैसे मोजले असते. दाखवायला काही नाही, फक्त 'स्टाइल त्यांचीच आहे ना!' अहो, ती स्टाइल तेव्हा निम्मं इंग्लंड करत होतं. आणि शिक्का सापडला म्हणजे बनवणाराही सापडला असंही नाही, एडवर्ड्स अँड रॉबर्ट्स हे लंडनच्या फर्निचरवाल्यांतले मोठे नाव, पण ते दुसऱ्यांचा जुना मालही विकायचे आणि त्यावर आपला शिक्का मारायचे.

लँकेस्टरला 'जजेस लॉजिंग्ज' म्युझियममध्ये खात्रीचं गिलो फर्निचर ठेवलंय, घेण्याआधी ते बघून याच, नजर तयार होते.

शेवटी घासाघीस करून नावाचा भाव काढायला लावला आणि बिलावर 'व्हिक्टोरियन, इंग्लिश, कारागीर अज्ञात' असं लिहून घेतलं. एवढ्या पैशात असं लाकूड नव्या फर्निचरमध्ये स्वप्नातही मिळणार नाही. किल्ली मात्र एकच दिलीय, दुसरी मागायला फोन केला की उत्तर ठरलेलं, 'या आठवड्यात पाठवतो.'