लोडिंगमध्येच दोन तास गेले, आता म्हणतात रिफंड नाही

मे महिन्यात नागपुरात दुपारी कोण बाहेर पडते, कूलरसमोर बसून लहान भावासोबत खेळू म्हणून हा गेम घेतला, २,९९९ रुपये मोजले. डाउनलोडलाच अख्खी रात्र गेली.

सकाळी पोट्टा सहालाच उठून बसला. गेम चालू केला तर शेडर (ग्राफिक्स दाखवणारे छोटे प्रोग्राम) कम्पाइल होऊन राहिले, चाळीस मिनिटं तेच, मग स्क्रीन काळी आणि मागे म्युझिक चालूच. ड्रायव्हर अपडेट केला, ग्राफिक्स लो वर टाकले, फाइल्स व्हेरिफाय केल्या, दर वेळी गेम परत चालू करा आणि परत तेच. माझ्याकडे १६ जीबी रॅम अन् आरटीएक्स ३०६० ग्राफिक्स कार्ड आहे, गेमच्या पेजवर याच्यापेक्षा कमीच मागितलं आहे.

शेवटी चालला एकदाचा. जंगल, पाऊस, म्युझिक सगळं इतकं सुंदर केलं आहे की म्हणूनच जास्त राग येतो. पुढे एका मिशनमध्ये आपल्यासोबतचा माणूस दारात फसला, अर्धा भिंतीत, पाय चालून राहिले पण जागचा हलत नाही, आणि तो आल्याशिवाय मिशन पुढे सरकत नाही. जुना सेव्ह लोड केला तर सेव्ह करप्ट. अकरा तासांचा खेळ गेला. भाऊ एवढंच म्हणाला, "दादा, आता पहिल्यापासून का?"

ज्या ऑनलाइन स्टोअरवरून गेम घेतला त्यांना रिफंड मागितला तर नियम दाखवला, १४ दिवसांच्या आत आणि २ तासांपेक्षा कमी खेळलेला पाहिजे. अरे पण पहिले दोन तास तर काळ्या स्क्रीनसमोरच गेले ना, तो खेळलेला वेळ कसा काय झाला? तीनदा लिहिलं, तिन्ही वेळा तेच छापील उत्तर. २०२० च्या डिसेंबरमध्ये सायबरपंक २०७७ या गेमचे असेच हाल होते तेव्हा सोनीने तो आपल्या प्लेस्टेशन स्टोअरवरून काढला अन् लोकांना रिफंड दिला, म्हणजे द्यायचे असले तर देता येतात.

आपल्याकडे २०२० च्या ई-कॉमर्स नियमांत डिजिटल वस्तूपण येतात, तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निकाल महिन्याभरात द्यावा लागतो. मी ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार टाकली आहे, बिल आणि स्क्रीनशॉट जोडून. तुम्ही घेतलाच असेल तर पहिल्या क्रॅशलाच बंद करा आणि लगेच रिफंड टाका, माझ्यासारखं दुरुस्त करत बसू नका, घड्याळ तिकडे चालूच असते.

भावाने काल अनइन्स्टॉल केला.