मुंबईत दोन दिवसांसाठी खोली शोधताना आमचे 35,543 रुपये असे गेले

कोल्हापूर-सांगलीकडून महालक्ष्मी एक्सप्रेसने मुंबईला जाणाऱ्यांची एक ठरलेली अडचण असते. गाडी सकाळी साडेसातच्या सुमाराला सीएसएमटीला सोडते आणि हॉटेलवाले खोली देतात दुपारी बाराला. हातात शनिवार-रविवार दोनच दिवस, बरोबर म्हातारं माणूस आणि पोरं, रात्रभराचा प्रवास अंगावर. आंघोळ केल्याशिवाय आणि बॅगा टाकल्याशिवाय कुठं फिरणार? म्हणून अ‍ॅपवर खोली दिसत असली तरी आपण फोन करतोच, 'सकाळी सातला खोली मिळेल का हो?' एवढं विचारायला. आम्हाला लुबाडणारा माणूस नेमका या फोनची वाट बघत होता.

बेत साधा होता. पोरांना राणीच्या बागेतले पेंग्विन बघायचे होते, सासूबाईंना मुंबादेवी आणि महालक्ष्मीचं दर्शन, आणि मला एकदा निवांत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. फोर्टातल्या हॉटेलांचे शनिवारचे दर बघून आम्ही तो नाद सोडला. माझ्या नणंदेनं सुचवलं की दक्षिण मुंबईत एका ट्रस्टचं अतिथीगृह आहे, स्वच्छ आहे, कुटुंबांनाच देतात, ती पूर्वी तिथं राहिली होती. ट्रस्ट खरा, इमारत खरी, नणंदेचा अनुभवही खरा. पुढं जे झालं त्यात त्या ट्रस्टचा काही संबंध नाही, म्हणून नाव लिहीत नाही.

नंबर तिच्याकडे नव्हता. मी इंटरनेटवर नाव टाकलं तर सगळ्यात वर जी साइट आली तिच्यावर बारीक अक्षरात 'प्रायोजित' असं होतं, म्हणजे पैसे देऊन वर आणलेली जाहिरात. आत ट्रस्टचं नाव, इमारतीचे फोटो, खोल्यांचे फोटो, नियमावली, खाली एक मोबाइल नंबर. पत्त्याच्या पट्टीत कुलपाचं चिन्हसुद्धा होतं. ते कुलूप फक्त एवढंच सांगतं की तुम्ही आणि ती साइट यांच्यातली माहिती वाटेत कुणी वाचत नाही. साइट चोराची असेल तर चोरापर्यंत ती अगदी सुरक्षित पोचते.

फोन उचलणारा माणूस मला अजून आठवतो. हिंदी बोलायचा, मध्येच 'ताई' म्हणायचा, अदबीनं. त्यानं मला आधी प्रश्न विचारले. किती माणसं, ज्येष्ठ नागरिक आहेत का, असतील तर लिफ्ट अधूनमधून बंद असते म्हणून तळमजल्याची खोली देतो. मद्यपान चालणार नाही, मांसाहार बाहेरून आणायचा नाही, रात्री अकराला दरवाजा बंद. सकाळी सातला खोली मिळेल. मी म्हटलं, 'एका खोलीत जादा गादी टाकता येईल का, मग दुसरी खोली नको.' त्यावर तो सरळ नाही म्हणाला. एका खोलीत तीनच माणसं, ट्रस्टचा नियम आहे, माझ्या हातात नाही.

या नकारावर माझा सगळ्यात जास्त विश्वास बसला. फसवणारा माणूस गोडगोड बोलतो, सगळ्याला हो म्हणतो, अशी आपली समजूत असते. हा नियमावर बोट ठेवत होता. धर्मादाय संस्थांच्या कार्यालयात बसलेले व्यवस्थापक असेच बोलतात हे आपल्याला पंढरपूर-शिर्डीपासून माहीत असतं. त्यालाही ते माहीत होतं.

दर सांगितला खोलीला दिवसाचे 1,800. दोन खोल्या, दोन दिवस, 7,200 रुपये. शनिवार-रविवारी गर्दी असते म्हणून सगळी रक्कम आधी, आणि प्रत्येकाच्या आधार कार्डाचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर. यातही विचित्र काही नव्हतं. छोट्या लॉजवाल्यांचे, ट्रस्टच्या अतिथीगृहांचे व्यवहार खरोखरच असे चालतात: फोनवर बोलणं, व्हॉट्सअ‍ॅपवर कागद, आगाऊ रक्कम. व्हॉट्सअ‍ॅपवर ट्रस्टचं नाव आणि बोधचिन्ह दिसत होतं. ते कुणालाही लावता येतं.

त्यानं क्यूआर कोड पाठवला. यजमानांनी स्कॅन केला तर पडद्यावर एका माणसाचं नाव आलं, संस्थेचं नाही. यजमानांनी विचारलं. उत्तर तयार होतं: 'ते आमचे अकाउंटंट आहेत, ट्रस्टच्या खात्याला ऑडिट चालू आहे.' यूपीआयमध्ये पिन टाकण्याआधी जे नाव दिसतं ते समोरच्याच्या बँक खात्यावरचं असतं. सगळ्या प्रकरणात खोटं बोलता न येणारी जागा ती एकच होती. साइट खोटी करता येते, बोधचिन्ह खोटं करता येतं, अदबसुद्धा खोटी असू शकते. ते नाव नाही. म्हणून त्याला तिथं स्पष्टीकरण द्यावं लागलं. नावाबद्दल कुणी कितीही पटणारं कारण देऊ दे, पिन टाकू नका. संस्थेची खोली असेल तर पैसे संस्थेच्या नावावरच जायला हवेत.

7,200 गेले. पाच मिनिटांत एक पावती आली, शिक्का, सही, खोली क्रमांक, सगळं. आणि पाठोपाठ फोन.

इथून पुढं नीट वाचा, कारण हा भाग बाकीच्यांच्या बाबतीतही जवळपास शब्द न बदलता घडतो. तो म्हणाला, जीएसटीचे 18 टक्के, 1,296 रुपये राहिलेत. ठीक आहे, वेगळे पाठवतो. नाही, वेगळे चालत नाहीत, सॉफ्टवेअरमध्ये एंट्री अडकली आहे, 8,496 अशी एकच रक्कम आली तरच बिल निघतं. तुम्ही 8,496 पाठवा, आधीचे 7,200 दहा मिनिटांत आपोआप परत येतील. खोली तुमच्या नावावर अडकून पडली आहे, मला दुसऱ्यालाही देता येत नाही.

(दिवसाला 7,500 रुपयांपर्यंतच्या खोलीवर जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून 5 टक्के आहे, त्याआधी 12 होता. 18 टक्के त्याच्यावरच्या महाग खोल्यांना. आमचं बोलणं यानंतरचं, म्हणजे हिशेबातच खोट होती. पण जेवणाच्या वेळेला, एका हातात फोन धरून, कोण जीएसटीचे टप्पे आठवतं?)

8,496 गेले. दहा मिनिटं झाली, काही आलं नाही. आता तो 'रिफंड डिपार्टमेंट'ला फोन जोडून देतो म्हणाला. दुसरा आवाज आला, जास्त घाईतला. फोन ठेवू नका, सर्व्हर टाइमआउट होईल. हे वाक्य तो पुन्हा पुन्हा म्हणत होता, आणि त्याचा उपयोग मला नंतर कळला: फोन चालू असेपर्यंत घरातली माणसं एकमेकांशी बोलत नाहीत. मी स्वयंपाकघरातून 'काय झालं?' म्हणून विचारत होते आणि यजमान हातानं थांब म्हणत होते.

त्या दुसऱ्यानं सांगितलं, तुमचा रिफंड कोड लिहून घ्या: एक नऊ आठ चार सात. यूपीआय उघडा, आमच्या आयडीवर जा, रिकाम्या चौकोनात हा कोड टाका आणि पिननं कन्फर्म करा. तो चौकोन रकमेचा होता. 'एकोणीस हजार आठशे सत्तेचाळीस' असं त्यानं एकदाही म्हटलं नाही, आकडे सुटे सुटे सांगितले. कानाला ते ओटीपीसारखं लागतं. 19,847 रुपये गेले.

पैसे मिळवायला पिन कधीच लागत नाही. पिन लागला की पैसे आपल्या खात्यातून बाहेर चालले आहेत, दुसरा अर्थच नाही. हे वाक्य बँकेत भिंतीवर लावलेलं असतं, आमच्याही शाखेत होतं.

त्यानंतर तो लगेच आणखी मोठा 'कोड' सांगायला लागला. तो यजमानांनी टाकलाही. शिल्लक पुरेशी नाही म्हणून व्यवहार झाला नाही. पगार चार दिवसांनी व्हायचा होता. आमचं नुकसान 35,543 वर थांबलं ते कुणाच्या हुशारीनं नव्हे, महिनाअखेर होती म्हणून.

फोन ठेवला आणि पहिलं काम केलं ते 1930 ला फोन. सायबर फसवणुकीचा राष्ट्रीय हेल्पलाइन नंबर हाच आहे, आणि तो लागेपर्यंत लावत राहायचं. लाइन व्यग्र होती, पण लागली. तिकडून विचारतात ते हाताशी ठेवा: आपली बँक आणि खातं, प्रत्येक व्यवहाराचा 12 आकडी यूपीआय क्रमांक, रक्कम, वेळ, आणि ज्या आयडीवर पैसे गेले तो आयडी. मग सायबर क्राइमच्या राष्ट्रीय पोर्टलवर तीच तक्रार सविस्तर भरली, व्हॉट्सअ‍ॅपचे स्क्रीनशॉट जोडले. नंबर ब्लॉक करून चॅट पुसून टाकावं असं रागारागात वाटतं. पुसू नका, पुरावा तोच आहे.

1930 ला घाई का करायची याचं कारण आहे. पैसे आधी एका खात्यात जातात, तिथून लगेच दुसऱ्या-तिसऱ्या खात्यांत तुकड्यांनी फिरवतात आणि एटीएममधून काढतात. ही खाती बहुतेकदा भाड्यानं घेतलेली, कुणा गरजू माणसाच्या नावावरची. तक्रार पोचली की मधल्या ज्या खात्यात पैसे अजून पडून असतील तिथं बँक ते रोखून धरते. आमचे शेवटच्या रकमेतले 11,300 असे रोखले गेले. ते परत मिळायला न्यायालयाचा आदेश लागला, काही महिने गेले, पण मिळाले. बाकीचे गेले ते गेले.

बँकेकडून आम्हाला भरपाई मिळाली नाही. ग्राहकाची जबाबदारी मर्यादित ठेवणारा नियम रिझर्व्ह बँकेनं 2017 मध्ये आणला, तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर काही प्रकरणांत ग्राहकाला शून्य तोटा, असंही त्यात होतं. पण तो ग्राहकाच्या संमतीशिवाय झालेल्या व्यवहारांना. पिन आम्ही टाकलेला म्हणून बँकेनं हात वर केले. मला हे पटत नाही. चोरांना खाती उघडून मिळतात ती बँकांतच ना? ओळख पटवण्याची सगळी कागदपत्रं माझ्यासारखीकडून वर्षावर्षाला मागणाऱ्या व्यवस्थेला त्या खात्यांवरची उलाढाल दिसत नाही?

दुसऱ्या दिवशी नणंदेनं घरातल्या जुन्या डायरीत ट्रस्टचा लँडलाइन नंबर शोधून काढला. तिथल्या व्यवस्थापकांनी माझं अर्धं ऐकूनच सांगितलं, 'आमची साइटच नाही हो. फोन करायचा, पैसे इथं आल्यावर काउंटरला.' तिकिटं काढलेली होती म्हणून आम्ही मुंबईला गेलोच, डोंबिवलीला मावसबहिणीकडे उतरलो, आणि वाट वाकडी करून त्या अतिथीगृहात गेलो. काउंटरच्या मागं मोठ्या अक्षरात सूचना लावली आहे: आमच्या नावानं ऑनलाइन पैसे मागणाऱ्यांपासून सावध राहा. सूचना चांगली आहे. फक्त ती वाचायला आधी तिथपर्यंत पोचावं लागतं, आणि फसलेला माणूस बॅगा घेऊनच पोचतो. आम्ही उभे असतानाच साताऱ्याकडचं एक कुटुंब हातात छापील पावती घेऊन आत आलं. पावतीवर तोच शिक्का होता.

आता कुणी विचारलं तर मी सांगते, सीएसएमटीला सकाळी उतरणार असाल तर आधी रेल्वेची रिटायरिंग रूम बघा. कन्फर्म तिकिटाचा पीएनआर असेल तर आयआरसीटीसीवर तिचं बुकिंग होतं, आणि पैसे रेल्वेलाच जातात. खासगी ठिकाण असेल तर नंबर दोन वेगळ्या जागांहून मिळवून जुळवून बघा. नकाशावर दिसणारा नंबरही पक्का समजू नका, तिथं बदल सुचवण्याची सोय सगळ्यांना असते. लँडलाइनला फोन करा, आणि तिथं राहून आलेलं माणूस ओळखीत असेल तर त्याच्याकडून पावती मागून तिच्यावरचा नंबर घ्या. आणि शनिवार-रविवार सोडून मधल्या वारी जात असाल तर एवढंही लक्षात ठेवा की राणीची बाग बुधवारी बंद असते, घारापुरीची लेणी सोमवारी.

पैशांपेक्षा जास्त दिवस पुरली ती आधार कार्डांची काळजी. चौघा मोठ्यांची कार्डं त्या माणसाकडे गेली होती. खोलीसाठी ओळखपत्र मागतात तेव्हा मास्क्ड आधार देता येतं, ज्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. आधारच्या अधिकृत साइटवरून ते उतरवून घेता येतं, आणि मी आता तेच देते. तेव्हा मात्र पूर्ण कार्डं गेली होती, म्हणून सगळ्यांची बायोमेट्रिक माहिती लॉक केली आणि संचार साथी पोर्टलवर प्रत्येकाच्या नावावर किती सिम आहेत ते तपासलं. सासूबाईंच्या नावावर एक अनोळखी नंबर निघाला. आमचं धाबं दणाणलं, पोलिसांत जायची तयारी झाली, आणि मग दीर म्हणाले, 'अहो वहिनी, ते शेतातल्या मोटारीच्या स्टार्टरमध्ये घातलेलं सिम आहे, मीच घेतलंय आईच्या नावावर.'