घरची प्रून प्युरी: पाकीट कुठलं, पाणी किती आणि लोणी कुठे वाचतं

बिया काढलेले प्रून (सुकवलेले गोड प्लम), गरम पाणी आणि मिक्सरचं चटणीचं भांडं, एवढ्यावर केकमध्ये लोण्याच्या जागी घालायची प्रून प्युरी होते. तीही पंधरा-वीस मिनिटांत. तरी ती बिघडते, आणि बिघडते ती मुख्यतः दोन ठिकाणी: दुकानात पाकीट उचलताना आणि घरी पाणी ओतताना. त्यामुळे या परीक्षणातला बराचसा भाग त्या दोन गोष्टींवरच आहे. निकाल आधीच सांगून टाकतो: चॉकलेटच्या आणि मसाल्याच्या केकसाठी पाचपैकी साडेचार, नानकटाईसाठी शून्य.

आधी दुकान. आपल्याकडे शेजारीशेजारी तीन वेगळ्या वस्तू मांडलेल्या असतात. पहिली म्हणजे कॅलिफोर्नियाचे बिया काढलेले मऊ प्रून, हवाबंद पाकिटातले. दुसरी, सुट्टे विकले जाणारे प्रून, जास्त सुकलेले, कधी बियांसकट. तिसरी, आलुबुखार. फसगत होते ती इथे. क्रॉफर्ड मार्केटपासून मशीद बंदरपर्यंत कुठेही 'प्रून द्या' म्हटल्यावर सुका आलुबुखार पुढे येऊ शकतो. तो बिर्याणीत किंवा चटणीत छान लागतो, पण आंबट असतो, गर कमी आणि बी मोठी. त्याची प्युरी केकमध्ये घातली तर सोडा जास्त फसफसतो आणि चव चिंचेकडे झुकते. ओळखायचं कसं? प्रून जवळजवळ काळा, चकचकीत आणि गुबगुबीत. दाताखाली गोड, मागाहून किंचित आंबूस. आलुबुखार तांबूस-तपकिरी, सुरकुतलेला, आणि जिभेवर पहिली येते ती आंबट चव.

पाकिटावर 'प्रून्स' लिहिलंय की 'ड्राइड प्लम्स', याने काही फरक पडत नाही. अमेरिकेत २००० साली हे दुसरं नाव वापरायला परवानगी मिळाली, कारण 'प्रून' म्हटलं की लोकांना म्हातारपण आणि बद्धकोष्ठ आठवायचं. फळ तेच. नैर्ऋत्य फ्रान्समधल्या आजाँच्या नावाने ओळखली जाणारी ही प्लमची जात, १८५६ मध्ये पेलिए बंधूंनी कॅलिफोर्नियात नेली. तिच्यात साखर इतकी असते की बीसकट सुकवलं तरी फळ आंबत नाही. (नाताळच्या 'प्लम केक'मध्ये मात्र बहुतेक वेळा प्लम नसतोच, मनुकाच असतात.)

पाणी किती हे ठरवणारी गोष्ट अशी: प्रून साठवताना त्यांत साधारण २० टक्के ओलावा ठेवतात, आणि पाकिटात भरण्याआधी वाफेने किंवा गरम पाण्याने तो ३० टक्क्यांच्या आसपास नेतात. म्हणून पाकिटातले मऊ लागतात, आणि म्हणूनच त्यांत पोटॅशियम सॉर्बेट हे बुरशी रोखणारं परिरक्षक घातलेलं असतं. लेबलवर आयएनएस २०२ असं दिसतं. म्हणजे मऊ प्रूनमध्ये पाणी आधीच घातलेलं आहे. सुट्ट्या, कडक प्रूनमध्ये ते तुम्हाला घालायचंय. पाककृतीत एकच आकडा दिलेला असतो आणि तो मऊ प्रूनचा असतो, तिथेच घोळ होतो.

प्रमाण: २२५ ग्रॅम मऊ प्रूनला ९० मिली गरम पाणी, म्हणजे सहा मोठे चमचे. तेवढेच कडक प्रून असतील तर १३० ते १४० मिली. मऊ प्रूनची साधारण ३०० ग्रॅम प्युरी मिळते. कडकची थोडी जास्त भरते. चिमूटभर मीठ चालेल. साखर नको, व्हॅनिला हवाच असेल तर केकच्या मिश्रणात घाला, प्युरीत नको, नाहीतर तीच बरणी भाजीच्या ग्रेव्हीला वापरता येत नाही.

कृती. प्रत्येक प्रून सुरीने उभा चिरा आणि आत बोट फिरवा. हे काम टाळू नका. बिया यंत्राने काढतात आणि एखादी राहून जाते, किंवा तिची कपची आत अडकते. पाकिटावर तशी सूचनाही बारीक अक्षरात असते. चिरलेले तुकडे वाडग्यात घेऊन वरून उकळीचं पाणी ओता, झाकण ठेवा. मऊ असतील तर दहा मिनिटं, कडक असतील तर अर्धा तास. पाणी फेकायचं नाही, तेच वाटायला घ्यायचं. साखर आणि स्वाद त्यात उतरलेला असतो.

कोमट झाल्यावरच मिक्सर लावा. गरम असताना बंद भांड्यात वाफ कोंडते, झाकण उडतं आणि हा चिकट काळा गोळा ओट्यावरून भिंतीपर्यंत जातो. छोट्या चटणीच्या भांड्यात २२५ ग्रॅम एकदम बसत नाहीत. दोन वेळा करा. आधी तीन-चार झटके, मग कडेचं खाली ओढून घ्या, मग सलग अर्धा मिनिट. पातं फिरतंय पण वरचा गोळा हलत नाही, असं झालं की थांबा आणि एक चमचा पाणी घाला. तसंच दामटलं तर मोटर तापते आणि मिक्सर बंद पडतो. बंद पडलाच तर दहा मिनिटं थंड होऊ द्या, मग बुडाशी असलेलं लाल बटण दाबा.

जमली की नाही हे चमच्यावर कळतं. चमचा तिरपा केला की प्युरी गोळ्याने घसरली पाहिजे, धार लागता कामा नये. ताटलीत एक चमचा ठेवून मधून बोटाने रेघ ओढा: रेघ तशीच राहिली आणि कडेला पाणी सुटलं नाही तर पोत बरोबर. खजुराच्या चटणीपेक्षा घट्ट, पुरणापेक्षा सैल. सालीचे बारीक ठिपके दिसतील, ते केकमध्ये कळत नाहीत. बाळासाठी करत असाल तर मात्र पुरणयंत्राला बारीक चाळण लावून एकदा फिरवा. साल तर निघतेच, पण राहिलेली बीची कपचीही तिथेच अडकते. या एका कामासाठी पुरणयंत्र कुठल्याही महागड्या ब्लेंडरपेक्षा सरस.

सैल झाली तर जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर पाच-सात मिनिटं आटवा. पिठल्यासारखे चटके उडतात, तेव्हा हात लांब ठेवून ढवळा. घट्ट झाली तर चमचाचमच्याने गरम पाणी. दोन्ही दुरुस्त होतं. जळकी चव मात्र जात नाही.

आता लोण्याच्या जागी. 'जितकं लोणी तितकी प्युरी' हा सल्ला सर्रास दिला जातो, आणि त्यानेच केक चिवट होतात. लोणी मैद्याच्या कणांना वेढून ग्लुटेन, म्हणजे पिठाला चिवटपणा देणारं प्रथिन, आवरतं. प्युरीत स्निग्धांश जवळपास नाही, त्यामुळे ती हे काम करत नाही. ती दुसरं काम करते: प्रूनमधलं सॉर्बिटॉल (साखरेसारखा गोड पदार्थ) आणि पेक्टिन (फळातला घट्टपणा आणणारा तंतू) पाणी धरून ठेवतात, म्हणून केक दोन-तीन दिवस मऊ राहतो. भरवशाचं प्रमाण असं की १०० ग्रॅम लोण्याच्या जागी ५० ग्रॅम प्युरी आणि २५ ग्रॅम तेल. साखर १५ ग्रॅमने कमी करा, प्युरी स्वतःची घेऊन येते. मैदा घातल्यावर फेटू नका, फक्त मिसळा. ओव्हन दहा अंशांनी कमी ठेवा आणि पाच मिनिटं आधीच टोचून बघा. या साखरेने कडा लवकर करपतात.

अंड्याऐवजी वापरायची तर एका अंड्याला पाव कप. ती बांधून ठेवते, पण फुगवत नाही, म्हणून अर्धा चमचा बेकिंग पावडर वाढवावी लागते. एका अंड्यापुरतं ठीक आहे. तीन अंड्यांच्या स्पंजमध्ये तीनही काढून प्युरी घातली तर डब्यातून केक नाही, शिरा निघतो.

सगळ्यात जमणारी गोष्ट ब्राउनी. १८ सेंमीच्या चौकोनी डब्यासाठी १२० ग्रॅम डार्क चॉकलेट वितळवून त्यात ४० मिली तेल, ८० ग्रॅम प्युरी, १२० ग्रॅम साखर. मग दोन अंडी. शेवटी ८० ग्रॅम मैदा, २५ ग्रॅम कोको आणि चिमूट मीठ. १७० अंशांवर २० ते २४ मिनिटं. सुरीला ओलसर कण चिकटत असतानाच बाहेर काढायची. प्रूनची चव वेगळी कळत नाही, चॉकलेट मात्र गडद लागतं. त्याच दिवशी कापली तर सुरीला गिच्च लागते. रात्रभर झाकून ठेवली की वड्या नीट पडतात.

आल्याचा केक, गाजराचा केक, गव्हाच्या पिठाचा गुळाचा केक, इथेही प्युरी शोभते. पांढऱ्या व्हॅनिला केकचा रंग मळकट होतो. नानकटाई, खारी, बटर बिस्किटं यांचा खुसखुशीतपणा स्निग्धांशातूनच येतो, तिथे प्युरी घालणं म्हणजे साहित्य वाया. बटरक्रीमचं तर नावच नको.

उष्मांकांचा हिशेब खरा आहे, पण अर्धाच सांगितला जातो. १०० ग्रॅम लोण्यात ७०० च्या वर कॅलरी, तेवढ्याच प्युरीत १७० च्या आसपास. पण प्युरी बिनसाखरेची नाही. १०० ग्रॅम प्रूनमध्ये साधारण ३८ ग्रॅम साखर असते, सॉर्बिटॉल वेगळं, सोबत सात ग्रॅम तंतू. 'शुगर फ्री केक' म्हणून मधुमेह्याच्या ताटात वाढू नये.

पोट साफ होण्याचा गुण खराच. तंतू आणि सॉर्बिटॉल मिळून तो घडवतात. दिवसाला १०० ग्रॅम प्रून खाल्ले तर आतड्यांच्या नेहमीच्या कार्याला मदत होते, असा दावा छापायला युरोपीय संघाने परवानगी दिली आहे. पण पहिल्याच दिवशी १०० ग्रॅम खाऊ नका, दोन चमच्यांपासून सुरुवात करा, नाहीतर गॅस आणि कळा. वॉरफरिन (रक्त पातळ ठेवणारं औषध) चालू असेल तर डॉक्टरांना विचारून, कारण प्रूनमध्ये के जीवनसत्त्व बरंच असतं. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर पोटॅशियममुळे तसंच.

सहा महिन्यांपुढच्या बाळाला एक-दोन छोटे चमचे, उकळून गार केलेल्या पाण्यात सैल करून. त्यासाठी सॉर्बेट नसलेलं पाकीट शोधा. मध घालू नका, वर्षाच्या आत तो द्यायचाच नसतो. ही प्युरी फ्रिजमध्ये दोन दिवस, बस.

मोठ्यांची प्युरी कोरड्या काचेच्या बरणीत फ्रिजमध्ये दोन-तीन आठवडे टिकते, ओला चमचा न बुडवल्यास. पाकिटातल्या सुक्या प्रूनवर पांढरं दिसलं तर ती बहुधा साखर असते: कोमट पाण्यात विरघळते, बोटाला खरखरीत लागते. प्युरीवर केसाळ पांढरं दिसलं तर ती बुरशी, सगळी बरणी टाका. वरचा थर काढून खाली चांगली असते असं समजू नका. जास्त केली असेल तर बर्फाच्या ट्रेमध्ये भरून फ्रीझरमध्ये ठेवा. एका खणात साधारण एक मोठा चमचा मावतो. साखरेमुळे ती दगडासारखी होत नाही, खण वाकवला की चिकटून राहते; म्हणून ट्रेला आधी तेलाचा हात लावा.