पगार वाढवू की बस-बूट-कँटीन?

गोव्यात कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत छोटा कारखाना चालवणारा मावसभाऊ विचारत होता, पोरं टिकत नाहीत रे, पगार वाढवू की तेच पैसे सेफ्टी आणि सोयींवर घालू?

मी म्हटलं, खर्च बघ. पगार वाढवला की मागे घेता येत नाही, वर ईएसआय, म्हणजे कामगारांच्या सरकारी आरोग्य विम्याचा हप्ता (तुझे ३.२५ टक्के, कामगाराचे ०.७५) पण वाढतो. आणि पगार महिना २१,००० च्या वर गेला की चालू सहामाही संपल्यावर माणूस ईएसआयच्या बाहेर, म्हणजे हातात हजार दिले आणि घरच्यांच्या औषधपाण्याचं कव्हर गेलं!

टिकण्याचं म्हणशील तर वाढ दोन महिन्यात अंगवळणी पडते, शेजारच्याने पाचशे जास्त दिले की चालला. बसचं तसं नाही, सेकंड शिफ्ट सुटल्यावर भर पावसात लांब वाळपईला घरी जायचं कसं ते त्या पोराला विचार.

कटकट मात्र सोयींचीच जास्त, बस, कँटीन रोज बघावं लागतं. पगार काय, बँकेत टाकला की झालं.

आजूबाजूपेक्षा पगार कमी असेल तर आधी पगारच. बरोबरीचा असेल, लांबची पोरं नि नाईट शिफ्ट असेल तर बस-कँटीन. मशीनचे गार्ड आणि सेफ्टी बूट यात मोजू नकोस हां, ते द्यावेच लागतात.